पोलादपूरच्या खिडकीतून दिसणारे विद्यापीठ

जून-जुलै महिन्यांत दक्षिण रायगडातल्या महाड किंवा पोलादपूरच्या एखाद्या महाविद्यालयाच्या कार्यालयासमोर तासभर उभे राहावे. आत एक कारकून, एक संगणक, एक प्रिंटर. बाहेर सवाद, देवळे, कापडे, नाहीतर वरंध, विन्हेरे, नाते अशा गावांतून सकाळच्या एसटीने आलेली मुले, छत्र्यांचे पाणी झटकत उभी. कुणाचा पीआरएन, म्हणजे कायम नोंदणी क्रमांक, आलेला नाही. कुणाच्या मार्कशीटवर आईचे नाव चुकले आहे. कुणाचा निकाल ‘रिझर्व्ह’ दाखवतो आहे. एका मुलीचा अर्ज पूर्ण भरला आहे, पण ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर गेला आहे; वडील मुंबईला कामावर, मशीनवर असताना त्यांना फोन घेता येत नाही. ओटीपीची दहा मिनिटे संपतात. मुलगी पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहते.

विद्यापीठाची माहिती-तंत्रज्ञान सेवा कशी चालते हे पाहायचे तर लोक सहसा सर्व्हरच्या खोलीपासून सुरुवात करतात: किती सर्व्हर, किती गतीचे इंटरनेट, कोणती प्रणाली. मी या लेखात उलटीकडून, या खिडकीकडून निघतो. कारण या सेवेतली सगळी खाती वेगवेगळी असली तरी ती एकत्र येतात ती इथेच, एका कारकुनाच्या टेबलावर. प्रवेशाचे पोर्टल वेगळे, परीक्षेचे वेगळे, शिष्यवृत्तीचे महाडीबीटी वेगळे, विषयांची श्रेयांके जमा ठेवणाऱ्या क्रेडिट बँकेचा आयडी वेगळा, ग्रंथालयाचे लॉगिन वेगळे. प्रत्येकाचा पासवर्ड निराळा, मदतीचा नंबर निराळा आणि अर्जाची शेवटची तारीखही निराळी. या सगळ्यांचा जबाब द्यायची जबाबदारी मात्र त्या एका माणसावर आहे, आणि त्याच्या हातात यांपैकी कशातही दुरुस्ती करायचा अधिकार नाही.

या भागाला दोन विद्यापीठे लागतात. कला, वाणिज्य, विज्ञान शिकवणारी महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत: महाडचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय, पोलादपूरचे सुंदरराव मोरे महाविद्यालय आणि आसपासची इतर. १८५७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाची हद्द मुंबई शहरापासून पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी ते पार सिंधुदुर्गापर्यंत. त्याची उपकेंद्रे ठाणे, कल्याण, रत्नागिरी अशा ठिकाणी आहेत, दक्षिण रायगडात एकही नाही. महाडहून कलिन्याचे विद्यानगरी संकुल पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि रत्नागिरीही काही जवळ नाही. दुसरे विद्यापीठ लोणेऱ्याचे. महाडहून मुंबई-गोवा महामार्गाने माणगावकडे निघाले की विसेक किलोमीटरवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची कमान दिसते. ज्या महाडात २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याच्या पाण्यावर सर्वांचा हक्क सांगितला, त्याच्या शेजारी त्या नावाचे विद्यापीठ असावे यात मोठा अर्थ आहे. १९८९ च्या कायद्याने ते एकाच संकुलात शिकवणारे निवासी विद्यापीठ म्हणून उभे राहिले. २०१४ च्या कायद्याने त्याला राज्यभरची तंत्रशिक्षण महाविद्यालये संलग्न करून घेण्याचा अधिकार मिळाला.

या बदलाचा माहिती-तंत्रज्ञानाच्या बाजूने अर्थ काय, याची चर्चा फारशी कुणी करत नाही. एका संकुलाच्या विद्यापीठाला हवे असते वसतिगृहापर्यंत पोचणारे नेटवर्क, प्रयोगशाळा, ग्रंथालय. बिघाड झाला तर विद्यार्थी चालत संगणक केंद्रात येतो आणि तिथल्या माणसाला हात धरून घेऊन जातो. संलग्नता देणाऱ्या विद्यापीठाला मात्र विदर्भातल्या एखाद्या महाविद्यालयाचा परीक्षा अर्ज, प्रश्नपत्रिका आणि निकाल सांभाळायचा असतो, आणि तिथला विद्यार्थी चालत येऊ शकत नाही. दोन्ही कामांना संगणक लागतो म्हणून ती एक होत नाहीत. माणसे वेगळी लागतात, वेळापत्रक वेगळे लागते, मदत करायची रीत वेगळी लागते. लोणेरे हे संकुलाचे विद्यापीठ म्हणून जन्मले आणि राज्याचे विद्यापीठ झाले. मुंबई पहिल्यापासून संलग्न महाविद्यालयांचे विद्यापीठ. तरी आज दोघांपुढचा प्रश्न सारखाच आहे: दूरच्या खिडकीवर सेवा कशी पोचवायची?

मुंबई विद्यापीठाच्या या वाटचालीत दोन टप्पे ठळक आहेत. पहिला एमकेसीएलचा. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन ही कंपनी २००१ साली राज्य सरकारच्या पुढाकाराने निघाली, राज्यातली विद्यापीठेही तिची भागधारक. एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमामुळे ती घराघरांत माहीत झाली, पण विद्यापीठांसाठी तिचे मोठे काम ‘डिजिटल युनिव्हर्सिटी’ या प्रणालीचे. प्रवेश, पात्रता, परीक्षा अर्ज, हॉल तिकीट हे सगळे एका जाळ्यात आले. विद्यार्थ्याला सोळा अंकी कायम नोंदणी क्रमांक मिळाला, तोच पीआरएन. त्याआधी एका चुकलेल्या नावासाठी महाविद्यालयाचा माणूस रात्रीच्या एसटीने मुंबईला निघायचा, दिवसभर टेबलाटेबलावर फिरायचा आणि पुढच्या तारखेचे आश्वासन घेऊन परतायचा. ती पायपीट कमी झाली हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

दुसरा टप्पा ‘समर्थ’चा. केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाच्या मदतीने दिल्ली विद्यापीठात घडलेली ही प्रणाली. प्रवेशापासून पगारपत्रकापर्यंत चाळीसएक कामांची दालने तिच्यात आहेत. २०२४ च्या पदवी प्रवेशांची नोंदणी मुंबई विद्यापीठाने समर्थवर घेतली. त्याच वर्षापासून संलग्न महाविद्यालयांत नवे शैक्षणिक धोरणही लागू झाले. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह असे विषयांचे नवे गट आणि नवी प्रणाली एकाच जूनमध्ये त्या खिडकीवर येऊन थडकली. सार्वजनिक पैशातून तयार झालेली, विद्यापीठाच्याच माणसांनी बांधलेली प्रणाली वापरावी, हा निर्णय मला योग्य वाटतो. पण प्रणाली बदलताना जुन्या मुलांचे काय होते याचा विचार वर बसून होत नाही. एटीकेटी घेऊन मागे राहिलेला मुलगा जुन्या प्रणालीत जन्मलेला असतो, आणि पेपर सुटल्यावर त्याला नव्या प्रणालीत पदवी हवी असते. त्याची नोंद एका घरातून दुसऱ्या घरात नेताना काही ना काही गळते. गळलेले शोधून देणारा माणूस त्या रचनेत कुठेच नेमलेला नसतो.

आता परीक्षेच्या सकाळकडे येतो. सेवेची खरी कसोटी तिथे लागते. मुंबई विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिका पूर्वी सीलबंद पाकिटांतून यायच्या. आता त्या इंटरनेटवरून येतात. पेपर सुरू होण्याच्या थोडा वेळ आधी केंद्राला आपल्या लॉगिनने ती उघडता येते, तिच्यावर महाविद्यालयाची खूण उमटलेली असते, मग ती छापायची, झेरॉक्स काढायची, वर्गात पोचवायची. पेपरफुटी रोखण्यासाठी ही रीत चांगली आहे. फुटलाच तर कुठून फुटला हे कळते. पण या रीतीने परीक्षेचा सगळा भार त्या अर्ध्या-पाऊण तासात वीज, इंटरनेट आणि झेरॉक्स मशीन या तिघांवर टाकला.

दादरच्या किंवा चर्चगेटच्या महाविद्यालयात या तिन्ही गोष्टी गृहीत धरता येतात. पोलादपूरला एप्रिल-मेमध्ये दुपारी घाटावरून वळवाचा पाऊस उतरतो आणि वीज जाते. ऑक्टोबरात परतीचा पाऊस तेच करतो. महामार्गाच्या चौपदरीकरणात जेसीबीच्या दातात केबल सापडली की इंटरनेट गेले. मग केंद्रप्रमुख आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावतात, खिडकीत जाऊन रेंज शोधतात, इन्व्हर्टर चालू करतात. इन्व्हर्टरवर संगणक चालतो, मोठे झेरॉक्स मशीन चालत नाही. त्यासाठी जनरेटर लागतो. जनरेटरला डिझेल लागते, आणि डिझेलचे पैसे कुठल्या शीर्षकाखाली दाखवायचे हा आणखी एक पत्रव्यवहार होतो. मुले वर्गात शांत बसलेली असतात. उशीर झाला की तेवढी वेळ वाढवून द्यावी लागते, आणि चारची एसटी चुकली तर देवळ्याच्या मुलीला घरी पोचायला अंधार पडतो. मला सांगायचे आहे ते एवढेच, की प्रश्नपत्रिका पाठवणाऱ्या सर्व्हरइतकाच तो जनरेटरही विद्यापीठाच्या माहिती-तंत्रज्ञान सेवेचा भाग आहे. तो त्या हिशेबात धरला जात नाही.

वर बसून घेतलेला निर्णय खाली कसा कोसळतो याचा सर्वांत मोठा धडा २०१७ चा. त्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने सर्व शाखांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासण्याचे ठरवले. उत्तरपत्रिका सतरा लाखांच्या घरात. निर्णय परीक्षा चालू असताना झाला. स्कॅनिंग मागे पडले, उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाली, प्राध्यापकांना लॉगिन मिळेना, मिळाले तर पान उघडेना. कायद्याने निकाल ४५ दिवसांच्या आत लागायला हवेत. कुलपती सी. विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही टळली आणि उरलेले निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले. २४ ऑक्टोबर २०१७ ला कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले. मुंबई विद्यापीठाच्या इतिहासात असे पहिल्यांदाच घडले.

पडद्यावर तपासणी ही कल्पना मुळात वाईट नव्हती. गुणांची बेरीज चुकत नाही, एखादे उत्तर तपासायचे राहत नाही, पुनर्मूल्यांकन सोपे होते. चूक झाली ती कामाच्या क्रमात. आधी एका शाखेत, एका जिल्ह्यात करून पाहणे, प्राध्यापकांचा हात बसू देणे, जुनी पद्धत शेजारी तयार ठेवणे, यांपैकी काही झाले नाही. ज्या महाविद्यालयांत बसून प्राध्यापक तपासणार तिथली लाइन किती गतीची आहे हे निर्णयाआधी विचारले गेले असते, तर अडचण एप्रिलमध्येच दिसली असती. आणि या सगळ्याची वेळ पाहा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ हा १ मार्च २०१७ ला लागू झाला होता. या कायद्यात प्रत्येक विद्यापीठासाठी स्वतंत्र माहिती तंत्रज्ञान मंडळ सांगितले आहे. म्हणजे तंत्रज्ञानाचे निर्णय परीक्षा विभागाने किंवा खरेदी विभागाने एकट्याने घ्यायचे नाहीत, त्यांना एक घर असावे, ही जाण कायद्यात आली त्याच उन्हाळ्यात हे घडले.

मंडळ कागदावर असणे आणि मंडळाचे ऐकले जाणे यांत अंतर असते. अशा मंडळावर तज्ज्ञ येतात, उद्योगातले लोक येतात, संगणकशास्त्राचे प्राध्यापक येतात. मला तिथे ग्रामीण महाविद्यालयाचा एक कार्यालय अधीक्षक हवा आहे. ‘हे बटण दाबल्यावर पुढे काय होते’ हे त्याला माहीत असते, आणि ते न घडल्यावर मुलांना काय सांगावे लागते हेही.

खालच्या पातळीवर जबाबदारी दिली तर काय होते याचा अनुभवही या विद्यापीठाला आहे. २०२० हे वर्ष रायगडसाठी दुहेरी संकटाचे. मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ जिल्ह्यावर धडकले. विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली, मोबाइलचे मनोरे मुके झाले. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्याच लागतील असा निकाल दिला. तेव्हा मुंबई विद्यापीठाने शेजारशेजारच्या महाविद्यालयांचे समूह केले, प्रत्येक समूहाला एक मुख्य महाविद्यालय दिले आणि ऑनलाइन बहुपर्यायी परीक्षा त्या समूहांनी घ्याव्यात असे ठरवले. मुले घराच्या मागच्या टेकडीवर, जिथे रेंज येते तिथे, छत्री धरून पेपर देत होती. अडचणी आल्याच. पण अडलेल्या मुलाला कुणाला फोन करायचा हे माहीत होते, आणि फोन उचलणाऱ्याला त्याचे गाव माहीत होते. त्याचा पेपर पुन्हा घेण्याचा निर्णय जवळच होऊ शकत होता. एवढ्या घाईत उभी केलेली ती रचना पुढे टिकली नाही. माझ्या मते ती टिकवायला हवी होती, आणि फक्त परीक्षेपुरती नव्हे.

मग २०२१. २२ जुलैला सावित्री आणि गांधारी नद्यांचे पाणी महाड शहरात शिरले. वीज गेली, फोन बंद पडले, रस्ते तुटले. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, आणि तिथे काय झाले आहे ही बातमीसुद्धा बाहेर पोचायला वेळ लागला. पोलादपूर तालुक्यातही केवनाळे आणि साखर-सुतारवाडीत माणसे दरडीखाली गेली. अशा दिवसांत विद्यापीठाच्या पोर्टलविषयी बोलणे क्षुल्लक वाटेल. पण पाणी ओसरल्यावर घरातला चिखल काढणाऱ्या मुलाला पहिल्या काही गोष्टींत आठवते ती भिजलेल्या मार्कशीटची. तिथे संगणकीय नोंदीने खरी माणुसकी दाखवता येते. पदव्या आणि गुणपत्रके डिजिलॉकरमध्ये असणे ही मुंबईत सोय असेल. सावित्रीच्या काठावर ती गरज आहे. २००५ च्या जुलैमध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी आल्या तेव्हा घराबरोबर कागदही गेले. तेव्हा ही व्यवस्था नव्हती. आज आहे. ती पूर्ण करणे, म्हणजे जुन्या वर्षांच्या नोंदीही तिच्यात भरणे, हे काम मी नव्या ॲपच्या आधी ठेवीन.

एक गोष्ट मात्र नीट जमली आहे, ती ग्रंथालयाची. गांधीनगरचे इन्फ्लिबनेट हे विद्यापीठ अनुदान आयोगाचे केंद्र ‘एन-लिस्ट’ योजना चालवते. महाविद्यालयाने वर्षाची अल्प वर्गणी भरली की विद्यार्थ्यालाही स्वतःचे लॉगिन मिळते, आणि सहा हजारांवर नियतकालिके व लाखभराहून अधिक पुस्तके उघडतात. पोलादपूरच्या मुलीला आणि मुंबईच्या मुलीला दार सारखेच. खर्च वरच्या पातळीवर एकत्र केला, नोंदणीचा अधिकार मात्र महाविद्यालयाच्या ग्रंथपालाकडे ठेवला, म्हणून हे शक्य झाले. पासवर्ड विसरला तर ग्रंथपालच तो मार्गी लावतात. मुंबई आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पही याच जातीचा: सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे धडे, मराठीसह भारतीय भाषांत, आणि इंटरनेट नसतानाही चालतील अशा बेताने केलेले. ज्यांनी ते आखले त्यांना वीज जाते हे आधीपासून ठाऊक होते.

परीक्षेच्या बाजूला असा ग्रंथपाल नाही. म्हणून ती जागा बाजाराने भरली. एसटी स्टँडसमोरचे झेरॉक्सचे दुकान हेच आज या भागातल्या विद्यापीठाचे मदत केंद्र आहे. दुकानदार अर्ज भरतो, फोटो हव्या त्या आकारात कापून अपलोड करतो, फी भरतो, पासवर्ड वहीत लिहून ठेवतो. मुलीकडे ईमेल नसेल तर आपला देतो. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. तो नसता तर कित्येक अर्ज राहिले असते. पण तीस मुलांचे पासवर्ड, आधार क्रमांक आणि बँकेचे तपशील एका वहीत असणे धोक्याचे आहे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. तो कायदा त्या वहीपर्यंत पोचायचा असेल, तर वहीची गरज आधी संपवावी लागेल.

ती गरज संपते ती ओळखीचा प्रश्न सुटल्यावर. अमेरिकेतल्या एमआयटीने १९८३ साली ‘अथेना’ नावाचा प्रकल्प सुरू केला. विद्यार्थ्याने संकुलातल्या कुठल्याही संगणकावर बसावे, एकदाच आपली ओळख द्यावी आणि आपले सगळे काम समोर मिळावे, ही त्यामागची कल्पना. ओळख पटवण्याची ‘केर्बेरॉस’ ही पद्धत त्यातून निघाली आणि ती आजही जगभर वापरात आहे. एक माणूस, एक ओळख. आपल्याकडे एका मुलीच्या ओळखी मोजा: शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, बँकेत वडिलांचे नाव गाळलेले, मार्कशीटवर आईचे नाव शेवटी. रोमन लिपीत ‘शिंदे’चे स्पेलिंग एकीकडे एक, दुसरीकडे दुसरे. लग्नानंतर पुन्हा शिकायला आलेल्या बाईचे तर आडनावच बदललेले. क्रेडिट बँकेचा आयडी काढताना या सगळ्यांचा मेळ लागला नाही तर अर्ज परत येतो. यंत्राला दोष देऊन चालणार नाही. नावात ‘जुळत नाही’ असे दिसल्यावर ते तपासून मान्य करण्याचा अधिकार महाविद्यालयाला असायला हवा. दाखला समोर आहे, मुलगी समोर आहे, तिला ओळखणारे शिक्षक शेजारच्या खोलीत आहेत. पावणेदोनशे किलोमीटरवरून याहून चांगली खात्री कोण करणार?

म्हणून माझी मागणी साधी आहे. दक्षिण रायगडच्या महाविद्यालयांसाठी महाडला एक सेवा कक्ष असावा. दोन-तीन माणसे पुरतील, पण ती विद्यापीठाच्या पगारावर असावीत आणि नाव, फोटो, राखीव निकाल, लॉगिन या चार बाबतींत प्रणालीत दुरुस्ती करण्याचा अधिकार त्यांच्याकडे असावा. परीक्षेच्या दिवशी त्यांच्याकडे छापील प्रश्नपत्रिकांचा सीलबंद राखीव संच असावा. पोर्टलवरची सूचना मराठीत असावी. ‘इनव्हॅलिड सेशन’ म्हणजे काय हे पोलादपूर तालुक्यातल्या तुर्भ्याच्या मुलाला कळत नाही, ‘वेळ संपली, पुन्हा लॉगिन करा’ हे कळते. ओटीपी विद्यार्थ्याने सांगितलेल्या कुठल्याही एका दुसऱ्या नंबरवर, हवे तर महाविद्यालयाच्या नंबरवरही जावा. आणि कुठल्याही कंपनीशी करार करताना ती गेल्यावर माहिती कुठल्या स्वरूपात, किती दिवसांत परत करणार हे पहिल्या पानावर लिहिलेले असावे.

लोणेरे इथे मोठी मदत करू शकते. तिथे संगणक अभियांत्रिकी आणि माहिती तंत्रज्ञानाचे विभाग आहेत, दरवर्षी या विषयांतले पदवीधर तयार होतात, आणि महाड त्यांच्यापासून एसटीच्या अर्ध्या-पाऊण तासावर आहे. दोन विद्यापीठांचे कायदे वेगळे, हद्दी वेगळ्या. पण कक्ष चालवायला लागणारी माणसे, परीक्षेच्या दिवशी मदतीला जाणारे विद्यार्थी, महाविद्यालयांच्या नेटवर्कची पाहणी यासाठी करार होऊ शकतो. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्या मुलांना याहून जवळचा विषय मिळणार नाही: वीज गेल्यावरही भरता येईल आणि रेंज आल्यावर आपोआप पुढे जाईल असा परीक्षा अर्ज.

हे होईपर्यंत पोलादपूरच्या खिडकीवरचा कारकून आपल्या पद्धतीने काम करतोच आहे. भिंतीवर त्याने एक कागद चिकटवला आहे, हाताने लिहिलेला: अर्ज भरण्याआधी शाळेचा दाखला, आधार आणि वडिलांचा फोन सोबत आणा, वडील मुंबईला असतील तर त्यांना आदल्या रात्री सांगून ठेवा.